चष्मा, पिक्चर ट्यूब आणि हरवलेली तिसरी मिती

जुन्या व्हिडिओ गेम यंत्राची दुरुस्ती म्हटली की डोळ्यांसमोर येते ती बंद पडलेली पेटी. पडदा काळा, आवाज नाही, नाणे टाकले तरी हालचाल नाही. काही यंत्रांचे दुखणे मात्र निराळे असते. पडद्यावर चित्र येते, इंजिनाची घरघर ऐकू येते, स्टिअरिंग फिरवले की मोटारही वळते; तरीही यंत्र दुरुस्त झाले असे म्हणता येत नाही. कारण ज्या एका गोष्टीसाठी ते बनवले गेले, ती गोष्टच चित्रातून नाहीशी झालेली असते.

१९८७ साली जपानच्या ‘टायटो’ कंपनीने बाजारात आणलेला ‘कॉन्टिनेंटल सर्कस’ हा मोटारशर्यतीचा खेळ या जातीचा आहे. नावात सर्कस असली तरी येथे हत्ती-घोडे नाहीत. गावोगाव मुक्काम करीत फिरणाऱ्या शर्यतींच्या ताफ्याला युरोपात सर्कस म्हणण्याचा प्रघात आहे. याच कंपनीने १९७४ साली ‘स्पीड रेस’ हा मोटारींचा खेळ आणला होता आणि १९७८ सालचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ही तिचाच. तेव्हा शर्यतीचा खेळ तिला नवा नव्हता. नवा होता तो खेळाडूच्या डोक्यावरून खाली लोंबणारा चष्मा. त्यातून पाहिले की रस्ता काचेच्या आत लांबवर पसरत जाई आणि पुढची गाडी हाताच्या अंतरावर आल्यासारखी भासे. हा चष्मा बाद झाला, की उरते ती दुहेरी कडांची, लुकलुकणारी, डोके दुखवणारी एक साधी शर्यत.

हा परिणाम परत कसा आणायचा, हा प्रश्न वरवर छंदिष्टांचा वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधताना डोळा, दूरचित्रवाणी संच आणि झपाट्याने लोप पावत चाललेली एक कारागिरी या तिन्हींची गाठ पडते.

दोन डोळे, दोन चित्रे

अंगठा नाकासमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. अंगठा मागच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे उडी मारतो. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते आणि त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दिसणारे दृश्य किंचित वेगळे असते. मेंदू या फरकावरून खोली ताडतो. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दोन आरसे आणि दोन रेखाचित्रे यांच्या साह्याने हे सिद्ध करून दाखवले. कागदावरची सपाट चित्रे त्यांच्या उपकरणात घनाकार दिसू लागली. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचे सुटसुटीत उपकरण तयार केले आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर ते युरोपातील घराघरांत पोहोचले. आपल्याकडे अनेकांनी लहानपणी डोळ्यांना लावलेला, खटका दाबला की चित्र बदलणारा ‘व्ह्यू-मास्टर’ हा त्याचाच वंशज.

चित्रपटात हीच किमया ध्रुवित प्रकाशाने साधली गेली. १९८४ साली मल्याळममध्ये आलेला ‘माय डिअर कुट्टिचाथन’ हा भारतातील पहिला थ्रीडी चित्रपट. तो हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून ठाऊक आहे. मराठीत थ्रीडी यायला २०१३ सालचा, महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ उजाडावा लागला. या चित्रपटांत दोन्ही चित्रे एकाच वेळी पडद्यावर असतात आणि कोणत्या डोळ्याने कोणते पाहायचे हे चष्म्याच्या काचा ठरवतात. त्या काचांत वीज नाही, तार नाही, बिघडण्यासारखे काही नाही. ओरखडा पडला तरी काम भागते.

टायटोच्या यंत्रातील चष्म्याचे तसे नाही. तेथे पडद्यावर एका क्षणी एकच चित्र असते: आधी डाव्या डोळ्याचे, मग उजव्याचे, पुन्हा डाव्याचे. डाव्याचे चित्र असताना उजव्या डोळ्यासमोर पडदा पडायला हवा आणि उजव्याचे आले की डाव्यासमोर. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ३० येतात. अर्थात तिसरी मिती चित्रात नसते आणि चष्म्यातही नसते; ती या दोहोंच्या ताळमेळात असते. टाळकरी आणि पखवाजी दोघेही उत्तम असून लय चुकली तर भजनाचे जे होते, तेच येथे होते.

खोलीचे गणित

खेळाचा संगणक हे दोन वेगळे देखावे कसे रचतो, तेही पाहण्याजोगे आहे. समजा खेळाडू पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसला आहे आणि त्याच्या डोळ्यांतील अंतर ६.३ सेंटिमीटर आहे. एखादी गाडी पडद्याच्या मागे आणखी ६० सेंटिमीटरवर भासवायची असेल, तर दोन डोळ्यांसाठीच्या तिच्या प्रतिमांत ३.१५ सेंटिमीटरचे अंतर ठेवावे लागते. उजव्या डोळ्याची प्रतिमा उजवीकडे, डाव्याची डावीकडे. क्षितिजावरच्या डोंगरासाठी हे अंतर ६.३ सेंटिमीटरपर्यंत जाते, त्याहून अधिक मात्र नाही. तसे झाले तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूंना फाकावे लागेल, आणि ते त्यांना जमत नाही. गाडी पडद्याच्या अलीकडे आणायची तर प्रतिमा उलट सरकवायच्या: उजव्याची डावीकडे, डाव्याची उजवीकडे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. खऱ्या रस्त्यावर मोटार चालवताना दोन डोळ्यांच्या या फरकाचा उपयोग जवळच्या अंतरापुरताच ठळक असतो. शंभर-दोनशे मीटरवरचा ट्रक किती लांब आहे हे आपण त्याच्या आकारावरून, रस्त्याच्या निमुळतेपणावरून आणि तो किती भराभर मोठा होतो आहे यावरून ताडतो. म्हणजे शर्यतीच्या खेळातील थ्रीडी ही वास्तवाची नक्कल कमी आणि अतिशयोक्तीच जास्त. म्हणूनच ती गेली की खेळाडूला चुकल्यासारखे वाटते. तमाशातून ढोलकी काढून घ्यावी तसे.

डोळ्याआडची झडप

डोळ्यांवर आळीपाळीने पडदा पाडण्याची कल्पना जुनी आहे. १९२२ साली न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात ‘टेलिव्ह्यू’ नावाची व्यवस्था बसवण्यात आली होती. प्रत्येक आसनाला दांड्यावर एक दर्शक जोडलेला आणि त्यात प्रक्षेपकाच्या तालावर चालणारी यांत्रिक झडप. खर्च एवढा की ती तेथेच संपली. १९८२ साली ‘सेगा’ कंपनीच्या ‘सबरॉक-थ्रीडी’ या पाणबुडीच्या खेळात हीच युक्ती फिरत्या चकत्यांनी साधली गेली. मात्सुशिता कंपनीच्या सहकार्याने बनवलेल्या त्या दर्शकाला डोळे लावले की आतली चकती एकेक डोळा झाकत जाई. जत्रेतल्या तंबूत फिरत्या टॉकीजचे प्रक्षेपण यंत्र ज्यांनी मागे उभे राहून पाहिले असेल, त्यांना भिंगाजवळची भिरभिरणारी पाती आठवतील, तत्त्व तेच.

पाच वर्षांनी आलेल्या टायटोच्या चष्म्यात मोटार नाही आणि चकतीही नाही. तेथे द्रवस्फटिकाची काच आहे. दोन ध्रुवक फिल्म एकमेकींना आडव्या लावल्या तर प्रकाश अडतो. त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर ठेवला की तो प्रकाशाला काटकोनात वळवून दुसऱ्या फिल्ममधून पार करतो. थराला वीज दिली की त्याचे रेणू सरळ उभे राहतात, वळण नाहीसे होते आणि काच काळी पडते. वेल्डिंग करणाऱ्यांकडे ठिणगी उडताच आपोआप काळी होणारी जी काच असते, तिच्यात हीच करामत आहे.

या काचेचा एक स्वभावदोष आहे. काळी व्हायला तिला फार वेळ लागत नाही, कारण विजेचा धक्का असतो. स्वच्छ व्हायला मात्र रेणूंना आपापल्या जागी आपणहून परतावे लागते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यामधली फुरसत जेमतेम एक-दीड मिलिसेकंदाची. त्यामुळे नव्या चित्राच्या वरच्या ओळी उमटू लागतात तेव्हा त्या डोळ्याची काच अजून पुरती उघडलेली नसते आणि पडद्याचा वरचा भाग किंचित मंद दिसतो. शर्यतीच्या खेळात तेथे बहुधा आकाश असते, म्हणून ते फारसे खुपत नाही.

सेनगावच्या दुकानात असे यंत्र आले तर

समजा, असे एखादे यंत्र हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. हे तालुक्याचे गाव; परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात व्हिडिओ गेमची महागडी दालने कधी रुजण्याचे कारण नव्हते. त्यामुळे हा केवळ कल्पनेतला प्रसंग. पण त्या दुकानातील जुन्या कारागिराला यातले किती ठाऊक असेल, याचे उत्तर अनपेक्षित आहे: बरेचसे.

कारण या यंत्राचे हृदय म्हणजे पिक्चर ट्यूब. आत इलेक्ट्रॉनची बंदूक, मानेवर योक, मागे एलओटी आणि वाळून निकामी झालेले कंडेन्सर. चित्राची रुंदी आखडली, खालून पट्टी काळी आली, रंग वितळल्यासारखे झाले, या तक्रारी त्याने हजारदा हाताळलेल्या असतात. वीज काढल्यानंतरही ट्यूबच्या काचेत भार साठून राहतो आणि चालू संचात तेथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, हे त्याला सांगावे लागत नाही. नवशिक्याने मात्र येथे हात घालूच नये.

वेगळ्या असतात त्या दोन-तीन गोष्टी. पहिली म्हणजे जपानी यंत्राला १०० व्होल्ट लागतात, आपल्याकडे २३०. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा आणि ग्रामीण भागातील विजेचा चढउतार पाहता त्याआधी स्टॅबिलायझरही. दुसरी गोष्ट फसवी आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० आणि या खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलणारे. तेव्हा दोष तेथेच असावा अशी शंका कारागिराला येणे स्वाभाविक आहे. भारतीय संचावर परदेशी व्हिडिओ लावला की चित्र वरून खाली फिरत राही, हा अनुभव त्यामागे असतो. परंतु खेळाचा ताल घरगुती विजेवर नव्हे, मुख्य बोर्डावरील स्फटिकावर चालतो. विजेच्या ५० चा त्याच्याशी संबंध नाही. चष्म्यालाही ताल मिळतो तो याच बोर्डाकडून.

तिसरी गोष्ट उजेडाची. चष्म्याच्या फिल्ममधून निम्म्याहून कमी प्रकाश पार होतो आणि प्रत्येक डोळा निम्माच वेळ उघडा असतो. म्हणजे पडद्याच्या तेजापैकी पाव हिस्साही डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. थकलेली ट्यूब उघड्या डोळ्यांना ठीक वाटते आणि चष्मा लावताच मात्र संध्याकाळ झाल्यासारखे दिसते. ब्राइटनेस वाढवून भागत नाही. मग काळा रंग राखाडी होतो आणि एका डोळ्याच्या चित्राचे भूत दुसऱ्यात डोकावू लागते. अशा वेळी ट्यूबच बदलणे श्रेयस्कर. योकचे माप जुळले तर साध्या रंगीत टीव्हीतील ट्यूबही या चौकटीत बसू शकते, कारण दोहोंच्या ओळींचा वेग जवळपास सारखाच, सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या पुढे, असतो.

आणि पंचाईत नेमकी येथे आहे. ज्या मराठवाड्यात औरंगाबादजवळच्या चितेगावी व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होत, ज्या कंपनीने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, तीच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ट्यूबचा बाजार त्याआधीच सपाट पडद्यांनी गिळला होता. घराघरातून निघालेले जुने संच भंगारात जातात, तेथे तांब्यासाठी योक उपटला जातो आणि शिसेयुक्त काच फुटते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली. त्यानंतरच्या दोन दशकांत तयार झालेले कारागीरही आता मोबाइल दुरुस्तीकडे वळले आहेत किंवा निवृत्त झाले आहेत. असे यंत्र जगात कोठेही दुरुस्त करायचे असले, तरी त्याला लागणारा माणूस हाच.

सपाट पडद्याचा सापळा

ट्यूब मिळत नाही म्हटल्यावर सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे तिच्या जागी एलसीडी बसवणे. साध्या खेळांसाठी ते चालून जाते. येथे मात्र तिसरी मिती त्याच क्षणी मरते, आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण चित्र तर पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते.

ट्यूबवर प्रकाशाचा ठिपका येतो, चमकतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत बहुतांश मावळतो. पुढचे चित्र कोऱ्या पाटीवर उमटते. एलसीडीवर आधीचे चित्र पुसले जात नाही. नवे येईपर्यंत ते जागच्या जागी उभे राहते. परिणामी पडद्याच्या वरच्या अर्ध्यात डाव्या डोळ्याचे दृश्य आणि खालच्या अर्ध्यात अजून उजव्याचेच, अशी खिचडी होते. शिवाय जुना संकेत नव्या पडद्याला समजेल असा करून देणारा बोर्ड मध्ये बसवावा लागतो आणि तो चित्र थोडे रोखून धरतो. चष्मा मूळ तालावर, चित्र एक पाऊल मागे. भरीला एलसीडीचा प्रकाश मुळातच ध्रुवित. चष्म्याच्या फिल्मचा कोन त्याला आडवा आला तर दोन्ही डोळ्यांपुढे अंधार.

यावर तोड नाही असे नाही. दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारा आणि दोन चित्रांमध्ये मागचा दिवा विझवणारा पडदा घेतला, तर काम होऊ शकते. थ्रीडी दूरचित्रवाणी संचांत तेच केले होते. पण मोठ्या कंपन्यांनी २०१७ पर्यंत ते संच बनवणे थांबवले आणि संगणकासाठी मिळणारी तशी व्यवस्था २०१९ मध्ये तिच्या निर्मात्यांनीच सोडून दिली. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला आधार द्यायला आणलेली काठीच आधी मोडली. संगणकावर जुने खेळ चालवणारी ‘मेम’सारखी प्रणाली १९९७ पासून उपलब्ध आहे आणि तिने असंख्य खेळांची आज्ञावली वाचवली, हे तिचे श्रेय निर्विवाद. मात्र आज्ञावली वाचली म्हणजे अनुभव वाचला असे नव्हे.

चष्म्याची शस्त्रक्रिया

चष्म्यात बिघाड होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तार. लोंबणारा चष्मा प्रत्येक खेळाडू आपल्या उंचीप्रमाणे ओढतो. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीत वेष्टनाच्या आत तार तुटते आणि बाहेरून धड दिसते. एकच काच काम करते आणि दुसरी सतत उघडी राहते, अशी तक्रार असेल तर सर्वप्रथम येथे पाहावे. दुसरी जागा ध्रुवक फिल्म. उष्णतेने आणि उन्हाने ती पिवळी पडते, तिचे थर सुटतात, कडेने बुडबुडे येतात. कधी व्हिनेगरसारखा आंबूस वासही येतो. आतला स्फटिक शाबूत असेल तर जुनी फिल्म हलक्या हाताने सोलून नवी चिकटवता येते. कोन तेवढा मूळचाच हवा. अंशांची चूक झाली तर काच पुरती काळी होणार नाही.

काचेची चाचणी घेताना अनेक जण बॅटरी जोडून पाहतात. क्षणभर ठीक, पण एकाच दिशेची वीज देत राहिल्यास द्रवस्फटिकाचे रासायनिक विघटन होते आणि काच कायमची डागाळते. म्हणून मूळ मंडल विजेची दिशा सतत उलटसुलट करीत असते. ते मंडल जळाले असेल तर नवे बनवतानाही ही दिशाबदलाची सोय राखावी लागते.

काच फुटलेलीच असेल तर? थ्रीडी टीव्हीबरोबर आलेले, आज निरुपयोगी झालेले चष्मे येथे उपयोगी पडतात. त्यातला बिनतारी भाग काढून टाकायचा आणि काचांना थेट तार जोडायची. जुन्या वस्तूंचे काही संग्राहक यावर नाराज असतात. मूळ भागाखेरीज दुसरे काही लावणे त्यांना भेसळ वाटते. हा आग्रह साध्या खेळांपुरता समजण्यासारखा आहे. येथे मात्र मूळ चष्मा लटकवून सपाट खेळ दाखवण्यापेक्षा दुसऱ्याच्या काचा बसवून खोली दाखवणे अधिक प्रामाणिक. मूळ चष्मा पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवला म्हणजे झाले.

शेवटची परीक्षा

सर्व जोडणी झाल्यावर खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी. ही सूचना विचित्र वाटेल. चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ५० च्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एरवी ते डोळ्याला कळत नाही. पण सेकंदाला ३० वेळा उघडझाप करणाऱ्या काचेतून पाहिले की दोन ताल एकमेकांवर आदळतात आणि सगळी खोली सेकंदाला दहादा धडधडू लागते. दोष यंत्राचा समजून कारागीर पुन्हा पेटी उघडायला बसतो. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी अशा लुकलुकाटापासून दूरच राहावे. तसेच तिरळेपणा किंवा लहानपणापासून एक डोळा मंद असलेल्यांना हा परिणाम दिसतच नाही. त्यामुळे एकट्या माणसाच्या निवाड्यावर यंत्राला नापास करू नये.

मग एकेक डोळा मिटून पाहावे. प्रत्येक डोळ्याला एकच, स्वच्छ, दुहेरी कडा नसलेले चित्र दिसले तर ताल जुळला. भुताटकी वरच्या भागात असेल तर काच उशिरा उघडते-मिटते आहे. सगळीकडे सारखी असेल तर फिल्म किंवा वीज कमी पडते आहे.

अखेरीस दोन्ही डोळे उघडावेत. कधी कधी या क्षणी विलक्षण घोटाळा दिसतो. खोली तर आहे, पण उलटी: डोंगर नाकाशी आलेले, रस्ता त्यांच्या पलीकडे खचलेला आणि पुढची गाडी डोंगरांच्याही मागे कोठेतरी. डोळ्यांना ताण पडतो आणि काय बिघडले ते चटकन उमजत नाही. उजव्या डोळ्याला डाव्याचे चित्र मिळते आहे, एवढेच त्याचे कारण. काचांकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवून एकीच्या जागी दुसरी जोडली, की डोंगर मागे सरकतात, रस्ता काचेच्या आत लांब होत जातो आणि पुढची गाडी अलीकडे येऊन उभी राहते.